सोरायसिस : पिढीजात रोग, पण कसा?

वर्षावासातले खीरदान. विहारात पंगत बसली आहे आणि एका बाईच्या शेजारची जागा मात्र रिकामी राहते. तिच्या कोपरांवर आणि गुडघ्यांवर जाड, पांढरट खपल्यांचे चट्टे आहेत. तोंडावर कुणी काही बोलत नाही, फक्त तिचे ताट जरा बाजूला वाढले जाते. ज्यांच्या आज्या-पणज्यांना पाणी वरून ओतून मिळत होते, त्यांच्याच पंगतीत हे घडते. म्हणून या वेळचे आरोग्याचे पान सोरायसिससाठी.

आधी एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. सोरायसिस स्पर्शाने, एका ताटात जेवल्याने, एका अंथरुणात झोपल्याने किंवा नवरा-बायकोच्या संबंधातून कधीही पसरत नाही. त्यात जंतूच नसतो, तर पसरणार काय?

मग होते काय? आपल्या त्वचेच्या पेशी तळाशी तयार होतात आणि साधारण २८ दिवसांत वर येऊन झडून जातात. आपल्याला ते कळतही नाही. सोरायसिसमध्ये हेच काम ३ ते ५ दिवसांत उरकते. जुन्या पेशी झडायच्या आत नव्या येतात, थरावर थर बसतो आणि खपली तयार होते. ही घाई करवते आपलीच प्रतिकारशक्ती. रक्तातल्या टी-पेशींचे काम शत्रू ओळखण्याचे. त्या आपल्याच त्वचेला शत्रू समजून बसतात.

ही चूक काही जणांतच का होते, याचे उत्तर काही अंशी जनुकांत आहे. प्रत्येक पेशी आपल्या आतल्या प्रथिनांचे बारीक तुकडे पृष्ठभागावर धरून टी-पेशींना दाखवत असते, जणू दारावरच्या पहारेकऱ्याला ओळखपत्र. हे तुकडे धरून ठेवणारे ‘हात’ घडवणारी जनुके सहाव्या गुणसूत्रावर असतात आणि ती माणसागणिक थोडी वेगळी असतात. त्यांतल्या ‘एचएलए-सी ०६:०२’ या प्रकाराचा सोरायसिसशी सर्वांत घट्ट संबंध आहे. जर्मनीतल्या संशोधकांनी २०१५ साली दाखवले की हा ‘हात’ त्वचेला रंग देणाऱ्या पेशींतला एक तुकडा असा धरतो की काही टी-पेशी त्यावर तुटून पडतात. लहान वयात सुरू होणाऱ्या सोरायसिसमध्ये हा प्रकार विशेष आढळतो.

पण तो अंगात आहे म्हणून रोग होतोच असे नाही. तो असणाऱ्या दहा जणांत साधारण एकालाच सोरायसिस होतो. शिवाय हे एकट्या जनुकाचे काम नाही. जनुकांतल्या साठाहून अधिक जागा आजवर या रोगाशी जोडल्या गेल्या आहेत आणि बहुतेकींचा वाटा चिमूटभर आहे. काही फरक तर उलट रोगापासून राखतात. हुबेहूब सारखी जनुके असलेल्या जुळ्यांतही कित्येकदा एकाला सोरायसिस होतो आणि दुसरा कोरडा राहतो.

हे इतके सविस्तर सांगायचे कारण सोयरीक. ‘त्यांच्या खानदानात कातडीचा रोग आहे’ एवढ्यावर मुलगी नाकारली जाते. मुलाच्या बाबतीत मात्र तेच झाकले जाते, हेही आपण जाणतो. हिशोब असा : आई-वडिलांपैकी एकाला सोरायसिस असेल, तर साधारण सात मुलांत एकाला तो आयुष्यात कधीतरी होतो. बाकीच्या सहांना नाही. दोघांना असेल तर पाचांत दोघांना. घरात कुणालाच नसताना अचानक उद्भवल्याचीही उदाहरणे भरपूर. लग्नाआधी जनुकांची तपासणी करा असे कुणी सुचवले तर पैसे वाचवा, तिने काही ठरत नाही.

दुसरे बोलणे ‘मागच्या जन्मीचे भोग’ हे. बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात गतजन्मीच्या कर्माची कल्पना बुद्धाची नव्हे हे खोलात जाऊन मांडले आहे. त्याच ग्रंथात कुष्ठरोगी सुप्रबुद्धाच्या धम्मदीक्षेची कथाही आहे. आणि गंमत अशी की युरोपातले वैद्यसुद्धा एकोणिसाव्या शतकापर्यंत सोरायसिस आणि कुष्ठरोग यांची गल्लत करत होते.

ती गल्लत आजही होते. आपल्या सावळ्या कातडीवर हे चट्टे पुस्तकातल्या चित्रांसारखे लालभडक दिसत नाहीत. ते जांभळट, तपकिरी दिसतात आणि वर राखाडी खपली असते. म्हणून कुणी नायटा समजतो, कुणी इसब. कुष्ठाच्या चट्ट्यावर बहुधा स्पर्श कळत नाही, सोरायसिसच्या चट्ट्यावर तो कळतो आणि खाजही सुटते. तरी निदान घरी करू नका, सरकारी रुग्णालयाच्या त्वचा विभागात दाखवा.

जनुके बदलता येत नाहीत, पण रोगाला चेतवणाऱ्या गोष्टी ओळखता येतात. मुलांचा घसा जंतुसंसर्गाने दुखला की दोन-तीन आठवड्यांनी अंगभर थेंबाएवढे चट्टे उठू शकतात, तेव्हा घसादुखी अंगावर काढू नये. विडी-सिगारेट, दारू, वाढलेले वजन, मनावरचा ताण, रक्तदाबाच्या आणि हिवतापाच्या काही गोळ्या, हेही चेतवतात. जिथे खरचटते किंवा सतत घासते तिथे नवा चट्टा येतो, म्हणून आंघोळीत दगडाने घासून खपल्या काढू नका. ओल्या अंगावर खोबरेल किंवा व्हॅसलिन लावणे स्वस्त आणि उपयोगी.

सर्वांत जास्त नुकसान मात्र औषधाच्या दुकानातून परस्पर आणलेल्या स्टेरॉइड-मिश्रित मलमांनी होते. आठवड्यात कातडी स्वच्छ, मग बंद केले की दुप्पट. बोगस डॉक्टरांची स्टेरॉइडची इंजेक्शने आणि गोळ्या त्याहून वाईट. त्या एकदम थांबल्या तर अंगभर पूयुक्त फोड उठून जिवावर बेतू शकते. डॉक्टरांनी मेथोट्रेक्सेट दिले असेल तर ती गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. वार चिठ्ठीवर लिहून घ्या. रोज घेतल्याने माणसे दगावली आहेत. या गोळीवर दारू चालत नाही, गरोदरपणात ती घेता येत नाही.

आणि सकाळी उठल्यावर बोटे आखडत असतील, सांधे सुजत असतील किंवा नखांवर सुईने टोचल्यासारखे खड्डे पडले असतील, तर तेही डॉक्टरांना सांगा. काही रुग्णांच्या सांध्यांतही हा रोग उतरतो, आणि उशीर झाला तर वाकडे झालेले बोट सरळ होत नाही.