सतरा कळांचं शहर

आमच्या शहराचं नाव २०२३ साली बदललं आणि टायपिंगवाल्यांच्या बोटांचं काम दुपटीवर गेलं. इन्स्क्रिप्टच्या कीबोर्डवर 'औरंगाबाद' आठ कळांत उमटतं. 'छत्रपती संभाजीनगर'ला मधली मोकळी जागा धरून सतरा लागतात!

मी कोर्टाजवळ बसून अर्ज, प्रतिज्ञापत्रं टाईप करून देतो. एकेका कागदात हे नाव चार-पाचदा येतं. त्यावर उतारा संगणकातच आहे. वर्डमध्ये पूर्ण नाव एकदा लिहायचं, निवडायचं, ऑल्ट आणि एफ-३ दाबून त्याला 'छसं' असं टोपणनाव द्यायचं. पुढे 'छसं' लिहून एफ-३ दाबलं, की अख्खं नाव हजर.

काही हुशार मंडळी याहून पुढे जातात. ऑटोकरेक्टच्या तक्त्यात डावीकडे 'औरंगाबाद', उजवीकडे नवं नाव भरून टाकतात. मग स्पेस दिला की बदल आपोआप. झकास वाटतं खरं. पण बिहारमध्येही औरंगाबाद नावाचा जिल्हा आहे. तिकडून आलेल्या सुनेचा अर्ज लिहायला घ्या, संगणक तिचं माहेरच मराठवाड्यात आणून ठेवील! १९७५ सालच्या खरेदीखतातला मजकूर उतरवतानाही तोच घोळ. तिथे मूळ कागदात आहे तेच अक्षर हवं. उद्या वारसांच्या वाटणीत त्यावरूनच वाद उभा राहतो.

म्हणून मी एफ-३वरच आहे. दाबल्याशिवाय ती कळ काही करत नाही. बिहारचा अर्ज आला, की आठ कळा हातानं मारतो.