एक मिनिट उकळू द्या

चॉकलेट पुडिंग फसतं ते बहुतेक वेळा एकाच जागी. दूध, साखर, कोको, कॉर्नफ्लोअर सगळं मापात घेतलेलं असतं, हातही सतत ढवळत असतो. मिश्रण दाटायला लागतं आणि ‘झालं’ म्हणून गॅस बंद केला जातो. पातेल्यात ते सुरेख दिसतं. दुसऱ्या दिवशी फ्रीजमधून वाटी काढावी, तर कडेला पाणी सुटलेलं, मधे ढिलं आणि जिभेवर कच्च्या पिठाची चव. मग दोष दुधाला दिला जातो, नाहीतर कॉर्नफ्लोअरच्या ब्रँडला. दोघांचाही यात काही अपराध नसतो. मिश्रण दाट होणं आणि मिश्रण शिजणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्यांच्यामध्ये वीस-पंचवीस अंशांचं अंतर आहे. ते अंतर पार होईपर्यंत गॅसपाशी उभं राहायचं, एवढंच या पदार्थाचं कसब.

इथे बोलतोय ते अमेरिकी घरांतल्या पुडिंगबद्दल: दुधात स्टार्च शिजवून केलेलं, गार, मऊ, चमच्यानं खायचं. चायना ग्रास घालून केलेल्या पुडिंगच्या वड्या पडतात. याच्या पडत नाहीत, आणि पडूही नयेत.

कॉर्नफ्लोअर म्हणजे मक्याच्या दाण्यातला जवळजवळ शुद्ध स्टार्च. बाजारात मिळणारं पिवळसर मक्याचं पीठ ते नव्हे. ते इथे चालणार नाही. हा पांढरा स्टार्च सूक्ष्म कणांच्या रूपात असतो आणि गार दुधात तो विरघळत नाही, नुसता तरंगतो. ठेवून दिला तर तळाशी बसतो. दूध तापत साधारण 62 ते 72 अंश सेल्सिअसच्या टप्प्यात आलं, की हे कण पाणी शोषून फुगायला लागतात. फुगलेले कण एकमेकांना अडायला लागतात आणि ढवळणाऱ्या हाताला जडपणा जाणवतो. अनेकांचा हात नेमका इथेच गॅसच्या बटणाकडे जातो. पण कण अजून अर्धवट फुगलेले असतात. तापमान 95 अंशांच्या आसपास पोहोचतं तेव्हा ते पूर्ण फुलतात, आणि त्यांच्यातले अमायलोज नावाचे लांब रेणू सुटून भोवतालच्या दुधात पसरतात. पुडिंग गार होताना हेच रेणू एकमेकांत गुंतून जाळं विणतात आणि दूध त्या जाळ्यात अडकून राहतं. रेणू बाहेरच आले नाहीत, तर जाळं कशाचं विणलं जाणार?

बहुतेक घरांत स्वयंपाकाचा थर्मामीटर नसतो, आणि या कामाला तो लागतही नाही. पातेल्याच्या कडेला बुडबुडे आले म्हणजे उकळी आली, असं मात्र समजू नका. दाट मिश्रणात उष्णता सगळीकडे सारखी पसरत नाही. कडा आणि तळ उकळत असताना मधला भाग बराच मागे असतो. पाच-सहा सेकंद ढवळणं थांबवा. मधोमध जाड, आळशी बुडबुडे ‘बद्’ असा आवाज करत फुटायला लागले, की ती खरी उकळी. तिथून पुढे मंद आचेवर, ढवळत, एक मिनिट मोजा.

या स्टार्चची गोष्टही ऐकण्यासारखी आहे. अमेरिकेत न्यू जर्सीमध्ये थॉमस किंग्सफर्ड यांनी 1842 मध्ये मक्यातून स्टार्च वेगळा काढण्याची रीत बसवली, ती खाण्यासाठी नव्हे. तो कपड्यांना खळ म्हणून विकला जायचा. स्वयंपाकघरात तो थोडा नंतर शिरला. पण अंड्याऐवजी स्टार्चनं दूध दाट करण्याची युक्ती त्याआधीच इंग्लंडमध्ये सुचली होती. बर्मिंगहॅमचे आल्फ्रेड बर्ड यांच्या पत्नीला अंडं सोसत नसे, म्हणून त्यांनी 1837 मध्ये बिनअंड्याची कस्टर्ड पावडर तयार केली. स्टार्च, रंग आणि वास. आपल्या घरांतलं फ्रूट कस्टर्ड आजही त्याच कल्पनेवर उभं आहे. अंडं न खाणाऱ्या कित्येक मराठी घरांत गोडाचा हा विलायती प्रकार विनातक्रार शिरला, त्याचं कारण एका नवऱ्यानं बायकोसाठी शोधलेली ही वाट.

आता प्रत्यक्ष कृती. चार जणांसाठी अर्धा लिटर दूध, 80 ग्रॅम साखर, 25 ग्रॅम कॉर्नफ्लोअर म्हणजे तीन सपाट मोठे चमचे, 20 ग्रॅम बिनसाखरेचा कोको, चिमूटभर मीठ आणि 60 ग्रॅम डार्क चॉकलेट. शेवटी चमचाभर लोणी आणि थोडा व्हॅनिला. मीठ गाळू नका. त्यानं कोकोचा कडवटपणा बोचेनासा होतो आणि चॉकलेटची चव पुढे येते.

जाड बुडाच्या पातेल्यात आधी साखर, कोको, कॉर्नफ्लोअर आणि मीठ कोरडंच एकत्र करा. हा क्रम महत्त्वाचा आहे. कोकोत चरबी असते, त्यामुळे तो सहज भिजत नाही. आणि स्टार्चचे कण गरम दुधात एकदम पडले, तर बाहेरचे कण क्षणात फुगून आतल्या कोरड्या पिठाला कोंडतात. त्याच गुठळ्या, आणि त्या नंतर कितीही घोटल्या तरी पूर्ण मोडत नाहीत. साखरेचे दाणे मधे आले की पिठाचे आणि कोकोचे कण एकमेकांपासून सुटे राहतात. मग थोडंसं गार दूध घालून गुळगुळीत पेस्ट करा आणि उरलेलं दूध हळूहळू मिसळा. सगळं गार असतानाच. एकही गुठळी उरली नाही हे पाहूनच गॅस पेटवा.

मध्यम आचेवर आठ-दहा मिनिटं लागतात. सुरुवातीला तारांच्या व्हिस्कनं, तळ आणि कोपरे खरवडत ढवळा, कारण स्टार्च तळाशी बसतो आणि दुधातली प्रथिनंही तिथेच चिकटून करपतात. दाटपणा आला की व्हिस्क बाजूला ठेवून सपाट उलथनं किंवा स्पॅच्युला घ्या आणि हात हलका करा. फुगलेले कण आता नाजूक झालेले असतात. जोरात फेटलं तर ते फाटतात आणि कमावलेला दाटपणा जातो. याच कारणानं थंड झालेलं पुडिंग ‘एकसारखं करावं’ म्हणून पुन्हा घोटू नये. विणलेलं जाळं एकदा तुटलं की पुन्हा तसं विणलं जात नाही.

दुधाचा विचार आपल्याकडे वेगळा करावा लागतो. परदेशी कृतींमध्ये ‘होल मिल्क’ म्हटलेलं असतं, त्यात फॅट साधारण साडेतीन टक्के. आपलं टोन्ड दूध 3 टक्क्यांचं, फुल क्रीम 6 टक्क्यांचं, आणि म्हशीचं ताजं दूध बऱ्याचदा त्याहूनही जड. म्हशीच्या दुधात प्रथिनंही जास्त असतात, त्यामुळे त्यात कॉर्नफ्लोअर अर्धा चमचा कमी करावं, नाहीतर पुडिंग चमच्याला चिकटून बसतं. माझी पसंती म्हशीच्या दुधाला आहे. टोन्ड दुधात पुडिंग होतं, पण त्याला ती भरदार चव येत नाही, आणि मग आपण ती जादा साखरेनं भरून काढू पाहतो. साखर वाढवली की आणखी एक गोष्ट घडते: साखर पाणी धरून ठेवते, स्टार्चला ते उशिरा मिळतं, आणि मिश्रण दाट व्हायला जास्त वेळ घेतं.

कोको दोन प्रकारचा मिळतो. नेदरलँड्समध्ये कॅस्परस व्हॅन हाउटेन यांनी 1828 मध्ये कोकोतलं लोणी दाबून काढण्याच्या यंत्राचं पेटंट घेतलं, आणि त्यांचा मुलगा कोनराड यानं उरलेल्या भुकटीवर अल्कलीची प्रक्रिया करण्याची रीत रूढ केली. तो अल्कली लावलेला कोको रंगानं गडद आणि चवीनं सौम्य असतो. न लावलेला फिकट तांबूस आणि किंचित आंबट. पुडिंगमध्ये फुगवण्याचं काम नसल्यामुळे दोन्ही चालतात. मला साध्या कोकोची धार आवडते.

चॉकलेट मात्र शेवटीच घालायचं, गॅस बंद केल्यावर. कोको बटर साधारण 34 अंशांनाच वितळतं. त्याला उकळीची गरज नसते आणि उकळीत त्याचा वास उडून जातो. विकत घेताना वेष्टन वाचा. ‘कंपाउंड’ लिहिलेल्या लाद्यांमध्ये कोको बटरऐवजी दुसरी वनस्पतिजन्य चरबी असते. केकवर ओतायला ती सोयीची, पुडिंगमध्ये मात्र टाळूवर मेणासारखा थर ठेवते. एवढं उभं राहून शिजवल्यावर तिथे काटकसर करू नये.

अंडं खाणाऱ्या घरांत दोन बलकं घातली तर पुडिंग फारच रेशमी होतं. पण बलकात अमायलेज नावाचं एंझाइम असतं आणि स्टार्च तोडणं हेच त्याचं काम. अंडं फुटेल या भीतीनं मिश्रण उकळू दिलं नाही, तर हे एंझाइम जिवंत राहतं आणि रात्री छान जमलेलं पुडिंग सकाळपर्यंत पातळ करून ठेवतं. ही भीती अनाठायी आहे. स्टार्च सोबत असला की बलक उकळीतही सहसा फुटत नाही. आधी त्यावर थोडं गरम मिश्रण ओतून फेटा, मग पातेल्यात घाला आणि पुन्हा तेच: मधोमध उकळी, एक मिनिट.

बाजारातल्या ‘इन्स्टंट’ पुडिंगच्या पाकिटात आधीच शिजवून वाळवलेला स्टार्च असतो, म्हणून ते गार दुधातही दाटतं. वेळ वाचतो हे खरं. पण कोकोची चव खुलते ती दुधात शिजल्यावर, आणि ती पायरीच तिथे गाळलेली असते.

गरम पुडिंग वाट्यांमध्ये ओतल्यावर वर साय धरते. पृष्ठभागावरचं पाणी उडून प्रथिनं आणि स्टार्च वाळल्यानं ती येते. परदेशात ती दोष मानतात आणि पुडिंगला चिकटेल असा कागद वर दाबून ठेवतात. साय आवडणाऱ्यांनी वाट्या उघड्या ठेवाव्यात, फक्त फ्रीजमध्ये शेजारी कापलेला कांदा नको. जमायला चार तास लागतात. उन्हाळ्यात ओट्यावर निवत ठेवू नका. पातेलं थंड पाण्यात धरून वाफ घालवा आणि लगेच फ्रीजमध्ये टाका. दोन-तीन दिवसांत संपवा, कारण अमायलोजचं जाळं रोज थोडं अधिक आवळत जातं आणि धरलेलं पाणी सोडायला लागतं. शिळा भात कडक होतो तोही याच कारणानं. फ्रीजरमध्ये हीच गोष्ट झपाट्यानं होते, आणि बाहेर काढल्यावर हाती येतो पाण्यात बसलेला एक स्पंज.