दोन नळ्यांचा सांधा

आमच्या रात्रीच्या वर्गाला एक मावशी येतात. त्यांचे शिवणकाम आहे. पायाचे मशीन, आणि त्या मशीनवरच घर चालते.

लग्नसराईच्या तोंडावर त्यांच्या मशीनच्या बिजागऱ्या ढिल्या झाल्या. शिलाई मशीन तुम्ही पाहिलेच असेल. खालून तेल द्यायचे असले की मशीन मागे कलवावे लागते. त्या वेळी त्याचे सारे वजन मागच्या दोन बिजागऱ्यांवर येते. बिजागऱ्या लाकडी फळीत स्क्रूने बसवलेल्या असतात. मावशींच्या फळीतली भोके झिजून मोठी झाली होती. स्क्रू नुसते फिरायचे, धरायचे नाहीत.

मावशींनी आम्हाला विचारले. आम्ही मोठ्या ऐटीत सांगितले, “त्यात काय मावशी! दोन नळ्यांचे ते इपॉक्सी आणा, भोकात भरा आणि स्क्रू पिळा.”

मावशींनी तसे केले. तिसऱ्या दिवशी तेल द्यायला मशीन कलवले, आणि दहा-बारा किलोचे ते बिडाचे धूड बिजागरीसकट खाली आले. खालची फरशी फुटली. मावशींचा पाय दोन बोटांच्या अंतराने वाचला.

त्या रात्री वर्गात त्या म्हणाल्या, “गुरुजी, तुम्ही वाचलेलं सांगता. पण भोगायचं मला.”

आम्ही वरमलो. बोलायला तोंडच नव्हते. मग दुसऱ्या दिवशी त्यांच्या घरी गेलो, आणि भोकातून निघालेला तो वाळका गोळा हातात घेऊन पाहिला. त्यावर नख उमटत होते. एका बाजूला तेलाची चकाकी होती. सगळा दोष तिथेच दिसत होता. तो कसा, हे कळायला आधी ही वस्तू काय आहे ते पाहू.

आपल्या घरात चिकटवायच्या वस्तू पुष्कळ. पतंगाला खळ, पाकिटाला डिंक, सुताराचा पूर्वीचा सरस, आताचा पांढरा फेव्हिकॉल. या साऱ्यांत पाणी असते. पाणी उडून गेले की ते सुकतात आणि धरतात. इपॉक्सीचे तसे नाही. ते सुकत नाही. त्यातून काही उडून जायचे नसते. दोन वस्तू एकमेकींत मिसळतात, त्यांचा संयोग होतो, आणि तिसरीच कठीण वस्तू तयार होते. म्हणून तर दोन नळ्या. एकीत राळेसारखे दाट रेझिन, दुसरीत हार्डनर, म्हणजे कठीण करणारा. वेगळ्या ठेवल्या तर दोन्ही वर्ष-वर्ष टिकतात. एकत्र आल्या की घड्याळ सुरू झाले.

गंमत अशी की ही वस्तू निघाली दातांसाठी. स्वित्झर्लंड देशात पिएर कास्ताँ नावाचे रसायनशास्त्रज्ञ होते. 1930 नंतरच्या दशकात ते दातांच्या कवळ्यांसाठी नवा पदार्थ शोधत होते. त्या शोधात हे हाती लागले. पुढे तिथल्याच सिबा कंपनीने 1946 साली ते अ‍ॅराल्डाइट या नावाने पुढे आणले. कवळी राहिली बाजूला. धातूला धातू चिकटवायला लोक ते वापरू लागले. आपल्याकडे आज इपॉक्सीला पुष्कळ जण अ‍ॅराल्डाइटच म्हणतात, जसे वनस्पती तुपाला डालडा म्हणत.

आता मावशींची पहिली चूक. खरे तर आमची, कारण आम्ही सांगितले नव्हते. काम घाईचे, म्हणून त्यांनी हार्डनर दुप्पट घातले. त्यांचा हिशेब साधा होता: विरजण जास्त घातले की दही लवकर लागते.

पण हार्डनर म्हणजे विरजण नव्हे. चमचाभर विरजण भांडेभर दुधाला पुरते, कारण त्यातले जंतू वाढत जातात. हार्डनर वाढत नाही. ते काजं-बटणांसारखे आहे. सदऱ्याला सहा काजं असली तर सहा बटणे लागतात. बारा बटणे लावली म्हणून सदरा दुप्पट घट्ट बसत नाही. सहा बटणे नुसती लोंबत राहतात. तसे जादा हार्डनर आत मोकळेच राहते, आणि सांधा मऊ पडतो. हार्डनर कमी पडले तरी तेच: काजं उघडी. काजं-बटणांचा हा दाखला आम्ही मावशींनाच सांगितला. त्या लगेच म्हणाल्या, “मग हे आधी सांगायचं होतं.”

प्रमाण किती घ्यायचे ते पुडक्यावर छापलेले असते. घरगुती नळ्यांचे बहुधा सारखे प्रमाण असते. काच किंवा फरशीच्या तुकड्यावर एक रेघ हिची, शेजारी तेवढीच लांब आणि तेवढीच जाड रेघ तिची. पण सगळ्यांचे सारखेच असते असे नाही. काही ठिकाणी दोनास एक असते. अक्षर बारीक असते, दुकानदाराला घाई असते. तरी दुकानातच पुडके हातात घेऊन वाचा. प्रमाण काय, हाताळायला वेळ किती, पुरते कठीण व्हायला किती, या तीन गोष्टी सापडेपर्यंत पैसे देऊ नका. आणि नळ्यांची टोपणे अदलाबदल करू नका; केलीत तर टोपण कायमचे बसेल.

वेळेवरून दोन जाती पडतात. एक झटपट जात. ही पाच मिनिटांत आळायला लागते. लहान वस्तू हातात धरून चिकटवायची तर ही बरी. दुसरी सावकाश जात. ही तासभर तरी जुळवाजुळव करू देते, रात्रभरात धरते, आणि पुरती कठीण व्हायला दिवसभर किंवा जास्तच घेते. ताकदीच्या कामाला आम्ही सावकाश जातच घेतो. थंडीत वेळ जास्त लागतो, उन्हाळ्यात कमी. घाई असेल तर हार्डनर वाढवू नका. वस्तू उबेला ठेवा, कोवळ्या उन्हात ठेवा.

एक इशारा इथेच देतो. संयोग होताना उष्णता निघते. थोडेसे पसरून ठेवले तर ती कळत नाही. वाटीभर एकदम कालवले तर वाटी चटका बसण्याइतकी तापते, धूरही निघतो. म्हणून लागेल तेवढेच कालवा.

दुसरी चूक तेलाची. ही मोठी. शिलाई मशीनच्या फळीत वर्षानुवर्षांचे तेल मुरलेले असते. तेलकट लाकडाला इपॉक्सी चिकटत नाही. ते तेलाला चिकटते, आणि तेल कशालाच धरत नाही. चिकटवण्याचे निम्मे काम नळी उघडण्याआधीचे असते, असे आमचे मत झाले आहे. वस्तू धुऊन पुसून पुरती सुकवा. गुळगुळीत असेल तर पॉलिश पेपरने किंवा कानशीने खरखरीत करा, म्हणजे इपॉक्सीला पाय रोवायला जागा मिळते. मग धूळ झटकून स्वच्छ फडक्याने स्पिरिट लावून पुसा, आणि स्पिरिट उडू द्या. स्पिरिट पेट घेते, तेव्हा चूल किंवा गॅस जवळ नको. रॉकेलने पुसू नका. रॉकेल स्वतःच तेलकट, मागे थर ठेवते. पुसल्यावर त्या जागी बोटही लावू नका. बोटालाही तेल असते.

तिसरी चूक घाईची. संध्याकाळी भरले आणि पहाटे काम सुरू केले. वरून कठीण लागते, पण आतले काम चालूच असते.

मग आम्ही काय केले? बिजागऱ्या काढल्या. गिरमिटाने भोके मोठी केली. काळे तेलकट लाकूड निघून ताज्या रंगाचा भुसा येईपर्यंत पोखरले. फळीच्या आरपार मात्र गेलो नाही. आतून स्पिरिटच्या फडक्याने तीनदा पुसले, दरवेळी फडके नवे. सागाच्या खुंट्या तासून पॉलिश पेपरने घासल्या. सावकाश जातीचे इपॉक्सी दोन सारख्या रेघांत काढले, काडीने दोन-तीन मिनिटे कालवले. पांढऱ्या-पिवळ्या रेषा दिसायच्या थांबून सगळा एकच रंग झाला पाहिजे. भोकाच्या भिंतीला लावले, खुंटीलाही लावले, खुंटी बसवली. फटी होत्या तिथे त्याच इपॉक्सीत सागाचा बारीक भुसा कालवून भरला. बाहेर आलेले ओले असतानाच पुसून घेतले. वाळल्यावर ते पटाशीनेच निघते.

हे काम पाहायला शेजारचे सुतारदादा आले होते. ते म्हणाले, “एवढं कशाला? फेव्हिकॉलनंही झालं असतं.” त्यांचे म्हणणे अगदीच खोटे नाही. लाकडाला लाकूड, आणि बसवणी घट्ट असेल, तर फेव्हिकॉल स्वस्त आणि चांगला. पण आमच्या हातची भोके वेडीवाकडी झाली होती. पांढरा फेव्हिकॉल फट भरून काढत नाही, सुकताना आक्रसतो. इपॉक्सी आक्रसत नाही म्हटले तरी चालेल. सुतारदादांच्या हातची भोके असती तर गोष्ट वेगळी.

कठीण व्हायला पूर्ण दिवस दिला. तो दिवस मावशींचा बुडाला. दुसऱ्या दिवशी खुंट्यांत बारीक भोके पाडून, स्क्रूला साबण चोळून, बिजागऱ्या बसवल्या.

आता कशाला काय वापरावे ते थोडक्यात सांगतो. धातूला लाकूड, दगडाला धातू, चिनी माती, काच अशा बेजोड वस्तूंना इपॉक्सी घ्यावे. थेंबात चिकटणारे फेव्हिक्विकसारखे द्रव लहान, नेमक्या बसणाऱ्या तुकड्यांना ठीक. फट असली की ते हरते. गळक्या पाइपला, टाकीच्या भोकाला एम-सीलसारखी कणकेगत मळायची इपॉक्सी मिळते. दोन्ही गोळे सारखे घेऊन एक रंग येईपर्यंत मळायचे. पाणी मात्र आधी बंद करून जागा कोरडी करा.

प्लास्टिकची बादली ही इपॉक्सीची हार आहे. बादल्या, डबे, पिशव्या ज्या प्लास्टिकच्या असतात त्याला ते धरतच नाही. वस्तूच्या तळाशी त्रिकोणात 2, 4 किंवा 5 हा आकडा दिसला तर पैसे वाया घालवू नका. याचा फायदाही आहे बरं का! चिकटवलेल्या वस्तूखाली प्लास्टिकची पिशवी अंथरा, वस्तू टेबलाला चिकटणार नाही.

वस्तू बांधून ठेवायला सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी फार छान. पण फार करकचून आवळू नका. सगळे इपॉक्सी बाहेर येते आणि सांधा उपाशी राहतो. दोन्ही बाजूंना पातळ थर पुरतो.

छंदाच्या कामात सांध्याची ठेवण पाहावी. आमच्या वर्गातल्या मुली भाजलेल्या मातीची कर्णफुले करतात. मागची पिन पडायची. पाहिले तर पिनेची चकती गुळगुळीत, आणि इपॉक्सीचा नुसता ठिपका. चकती घासून, तिच्या कडेवरून थोडे इपॉक्सी येईल असे बसवले, तेव्हा पिना टिकल्या. टोकाला टोक चिकटवलेला सांधा दुबळा. एकावर एक चढवलेला, किंवा मागून पट्टी लावलेला सांधा बळकट. आणि सोलून काढल्यासारखा ओढ बसेल तिथे तो लवकर सुटतो.

काही कामांना मात्र हात लावू नये. घरगुती इपॉक्सी साधारण 60-70 अंशांच्या पुढे नरम पडू लागते. चहा त्याहून गरम असतो. चहाच्या कपाचा कान चिकटवून पुन्हा त्यातच चहा देणारी घरे आम्ही पाहिली आहेत. तो कान सुटतो तो भरलेल्या कपासकट, आणि शेजारी मूल बसलेले असते. असा कप पेनं ठेवायला घ्या. कुकर, गॅसची नळी, सायकलचा फोर्क, पाळण्याचा आकडा ही कामे चिकटवायची नव्हेत. जेवणाच्या आतल्या बाजूलाही इपॉक्सी नको. उन्हात ते पिवळे पडते, तेव्हा बाहेरच्या वस्तूवर रंग द्यावा.

हातांचे शेवटी सांगतो, पण करायचे ते आधी. ओले इपॉक्सी अंगाला लागू देऊ नये. कुणाकुणाला त्याने खाज आणि पुरळ येते. एकदा ती तक्रार लागली की पुढे थोड्याशानेही उठते, आणि जन्मभर सोडत नाही. हातमोजे घाला, नसतील तर हाताला प्लास्टिकची पिशवी बांधा. लागलेच तर साबण-पाण्याने धुवा, थिनर किंवा स्पिरिटने नको. त्याने ते कातडीत जास्त शिरते. डोळ्यात गेले तर पंधरा मिनिटे पाण्याने धुवत राहा आणि डॉक्टर गाठा. खिडक्या उघड्या ठेवा. वाळलेले घासताना नाकाला फडके बांधा.

मावशींचे मशीन त्यानंतर दोन लग्नसराया चालले आहे. तेल देताना त्या ते पूर्वीसारखेच मागे कलवतात. फक्त कलवताना पाय अजून मागे घेतात. तसे करू नका, असे आम्ही त्यांना म्हणत नाही.