पीतज्वर आणि प्रवाशाचा दाखला

मसाई मारातील वन्यजीव पाहण्यासाठी केनियाला जाणाऱ्या भारतीय प्रवाशाला पीतज्वराच्या, म्हणजे यकृतावर आघात करून कावीळ व रक्तस्राव घडवणाऱ्या विषाणुजन्य तापाच्या लसीचा दाखला जवळ बाळगावा लागतो, आणि त्यामागील कारण केवळ त्याच्या स्वतःच्या प्रकृतीपुरते मर्यादित नाही. हा विषाणू पसरवणारा एडिस इजिप्ती डास भारतात सर्वत्र आढळतो. डेंग्यूही तोच पसरवतो. मात्र पीतज्वराचा विषाणू अद्याप येथे रुजलेला नाही, म्हणूनच बाधित देशातून दाखल्याविना परतणाऱ्यास सहा दिवसांपर्यंत विलग ठेवले जाते. ही सक्ती जाचक वाटली तरी सर्वथा योग्य आहे.

मॅक्स थेलर यांनी 1930 च्या दशकात विकसित केलेल्या या लसीत दुर्बल केलेला जिवंत विषाणू असतो, त्यामुळे प्रतिकारशक्ती क्षीण झालेल्यांना आणि नऊ महिन्यांखालील बालकांना ती सहसा देत नाहीत. दाखला लस घेतल्यापासून दहा दिवसांनंतर ग्राह्य ठरतो व 2016 पासून तो आजन्म वैध मानला जातो.

परंतु ही लस हिवतापापासून मुळीच संरक्षण देत नाही. त्यासाठी वैद्यांच्या सल्ल्याने प्रतिबंधक गोळ्या प्रवासापूर्वी सुरू करून परतल्यानंतरही ठरावीक काळ घ्याव्या लागतात, आणि रात्री चावणाऱ्या अ‍ॅनाफिलीस डासांपासून मच्छरदाणीने बचाव करावा लागतो. परतल्यावर काही महिन्यांत ताप आल्यास प्रवाशाने आफ्रिकेतील मुक्कामाची माहिती डॉक्टरांना विनाविलंब द्यावी.