खुडूक कोंबडीला हाकलू नका!

"अगं, बसलीय तर बसू दे तिला. तिच्यामुळंच तर या घरात कोंबड्या आहेत," सासूबाई म्हणाल्या, आणि मी हातातली पाण्याची बादली खाली ठेवली. खुडूक कोंबडीला गार पाण्यात बुचकळलं की तिची खोड मोडते, असं मला कुणीसं सांगितलं होतं. अंडी द्यायची थांबली म्हणजे ती फुकट खाते, हा माझा हिशेब!

आमचं कऱ्हाडचं घर जुनं, मागं परस मोठं. मी सकाळी शाळेत अर्धवेळ शिकवते. सासूबाईंच्या गावठी कोंबड्या वर्षाला जेमतेम साठ-सत्तर अंडी द्यायच्या. म्हणून 2019 साली मी वनराजा जातीची वीस पिल्लं आणली. हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयानं परसात पाळण्यासाठीच ही जात तयार केली आहे. अंडी वर्षाला शंभराच्या वर, आणि कोंबडाही अंगानं चांगला भरतो. म्हणजे अंडी आणि मटण, दोन्हीचा उपयोग. मी खूश!

पुढं या कोंबड्यांचीच अंडी उबवायची म्हटलं, तर एकही अंड्यांवर बसेना. शेवटी सासूबाईंची तीच ठिपक्यांची खुडूक कोंबडी कामाला आली. पिल्लं निघाली, पण एक थोराड तर दुसरं किरकोळ. एक तलंग भरपूर अंडी देणारी, तर दुसरी नुसती खादाड. मला वाटलं, आपण फसलो. जनावरांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी समजावलं, "बाई, संकरित मक्याचं बी दर वर्षी नवं घेता ना? तसंच हे. पहिली पिढी एकसारखी, पुढची विखुरते." म्हणजे एकतर दर वेळी पिल्लं विकत आणा, नाहीतर आपला वाण आपण घडवा.

हा विचार चालू होता तोच 2021 च्या उन्हाळ्यात मानमोडी, म्हणजे राणीखेत रोग आला. लस टोचायची मी टाळली होती. तेवीस कोंबड्यांसाठी शंभर मात्रांची कुपी कशाला फोडायची, ही माझी काटकसर! आठवड्यात सतरा गेल्या. अंड्यांचे पैसे मुलीच्या शिकवणीसाठी डब्यात साठवत होते, तो डबा तसाच रिकामा राहिला. ती पोर दोन दिवस जेवली नाही. वाचलेल्या सहांत ती ठिपक्यांची होती. गुणानं वाचली की नशिबानं, कोण सांगणार? पण खुराडं धुऊन, चुना मारून, दोन महिने थांबून मी तिच्यापासूनच पुन्हा सुरुवात केली. वाचलेला वनराजा कोंबडा आणि गावठी कोंबड्या, अशी जोडी जमवली.

मैत्रिणींनो, यातून जे शिकले ते सांगते.

हजेरीपट ठेवा. शाळेच्या सवयीनं मी जुन्या वहीत कोंबड्यांचा हजेरीपट आखला. प्रत्येकीच्या पायात वेगळ्या रंगाचं प्लॅस्टिकचं कडं. कुणी किती अंडी दिली, कोण शेवटपर्यंत उबवायला बसली, कुणाची किती पिल्लं जगली, सगळं लिहायचं. नुसत्या डोळ्यांवर विसंबलात तर देखणी कोंबडीच गुणाची वाटते!

कोंबडा पारखून ठेवा. आठ-दहा कोंबड्यांना एक पुरतो. वहीतल्या सगळ्यात गुणी आईचा मुलगा निवडावा. पाय सरळ, छाती भरलेली, अंगावर न येणारा. मात्र सगळ्यात वजनदार तोच चांगला असं नाही. बोका किंवा मुंगूस आलं की जडशीळ पक्षी आधी सापडतो. दर वर्षा-दोन वर्षांनी कोंबडा बदलावा, नाहीतर नात्यातच नातं होऊन अंडी कमी फुटतात. आम्ही दोघी-तिघी शेजारणी कोंबड्यांची अदलाबदल करतो.

अंडी निवडून बसवा. मध्यम आकाराची, आठवड्याच्या आतली, न धुतलेली. फ्रिजमध्ये ठेवू नयेत. टोकाकडची बाजू खाली करून गार जागी ठेवावीत. एका गावठी कोंबडीखाली दहा-बारा पुरे. सातव्या रात्री बॅटरीच्या उजेडात धरलं तर जिवंत अंड्यात लाल शिरांचं जाळं दिसतं. एकविसाव्या दिवशी पिल्लू!

लस चुकवू नका. पहिल्या आठवड्यात लासोटाचा एक थेंब डोळ्यात किंवा नाकपुडीत, आणि आठव्या आठवड्यात राणीखेतची टोचायची लस; मधल्या मात्रा आणि देवीची लस डॉक्टरांना विचारून. कुपी एकदा कालवली की दोनेक तासांत संपवावी लागते. म्हणून गल्लीतल्या चार घरांनी एकच दिवस ठरवावा, कुपी थर्मासमध्ये बर्फावर आणावी, आणि खर्च वाटून घ्यावा.

आता अवघड गोष्ट. पिल्लांत निम्मे कोंबडे निघतात. नुसत्या अंड्यांच्या जातीत नर पिल्लाला कुणी विचारत नाही. आपल्या या कोंबडीत तो पाच-सहा महिन्यांचा होऊन घरच्या जेवणाला तरी येतो. पण मुलांनी त्याला नाव ठेवलेलं असतं! आमच्याकडं आता नियमच आहे: वहीत निवडलेल्यालाच नाव, बाकीच्यांना फक्त कड्याचा रंग. तरीही त्या दिवशी मुलगी मावशीकडं जाते. जाऊ दे, समजेल हळूहळू.

चार पिढ्या झाल्या. अजून सगळ्या सारख्या नाहीत, पण गेल्या वर्षी नऊपैकी पाच जणींनी शंभरी गाठली, आणि त्यातल्या तिघी खुडूक होऊन पिल्लंही वाढवून गेल्या. डब्यात पुन्हा पैसे खुळखुळू लागलेत.

ठिपक्यांची आता म्हातारी झाली. अंडी जवळजवळ नाहीतच. परवा मीच सासूबाईंना म्हटलं, "हिला राहू द्यायचं हं." त्या नुसत्या हसल्या, आणि तिच्यापुढं मूठभर कणी टाकली.