जुन्या मोटारसायकलीचा जीर्णोद्धार

जीर्णोद्धार हा शब्द उच्चारताच आपल्या डोळ्यांसमोर एखादे पुरातन मंदिर किंवा पडका वाडा उभा राहतो. यंत्रांच्या बाबतीत हा शब्द आपण क्वचितच वापरतो. जुने यंत्र म्हणजे भंगार, अशीच सर्वसाधारण समजूत असते. तथापि यंत्रालाही इतिहास असतो. ते ज्या काळात घडले, त्या काळचे ज्ञान, कारागिरी आणि अभिरुची यांच्या खुणा त्याच्या अंगावर उमटलेल्या असतात. अंगणाच्या कोपऱ्यात वर्षानुवर्षे ताडपत्रीखाली पडून राहिलेली, चाकांतील हवा गेलेली, गंजलेली मोटारसायकल ही अशीच एक वस्तू होय. ती घरच्या घरी पुन्हा चालती करता येते काय, आणि येत असल्यास त्यासाठी काय जाणून घ्यावे लागते, याचा विचार आपण प्रस्तुत पाठात करू.

उदाहरणादाखल ‘जावा’ ही मोटारसायकल घेऊ. चेकोस्लोव्हाकियात १९२९ साली फ्रांतिशेक यानेचेक यांनी ‘वांडरर’ या जर्मन कंपनीच्या मोटारसायकलीचे हक्क विकत घेतले. यानेचेक आणि वांडरर या दोन नावांची आद्याक्षरे जोडून ‘जावा’ हे नाव तयार झाले. १९६० च्या दशकाच्या आरंभी ‘आयडियल जावा’ या कंपनीने म्हैसूर येथे या गाडीचे उत्पादन सुरू केले. पुढे हीच गाडी ‘येझदी’ या नावाने प्रसिद्ध झाली. १९९६ साली म्हैसूरचा हा कारखाना बंद पडला. ‘जावा’ हे नाव २०१८ मध्ये आणि ‘येझदी’ २०२२ मध्ये बाजारात परत आले; पण त्या गाड्या नव्या रचनेच्या आहेत. म्हैसूरच्या जुन्या गाड्या आता पुन्हा घडणार नाहीत. म्हणूनच त्यांपैकी एखादी आपल्या हाती आल्यास आपली जबाबदारी वाढते.

येथे दुरुस्ती आणि जीर्णोद्धार यांतील भेद लक्षात घेतला पाहिजे. दुरुस्तीत बिघडलेला भाग काढून नवा बसवला की काम संपते. जीर्णोद्धारात मूळचे जे टिकवता येईल ते टिकवायचे असते आणि जे टिकण्यासारखे नाही तेवढेच बदलायचे असते. या कामात झालेल्या बऱ्याच चुका पुन्हा सुधारता येत नाहीत. घासून टाकलेला मूळ रंग परत येत नाही, कापलेला धातू पुन्हा जुळत नाही, भंगारात दिलेला भाग सहसा पुन्हा मिळत नाही. त्यामुळे हत्यारे हाती घेण्यापूर्वी नीट निरीक्षण करणे, हा या कामाचा पहिला नियम होय.

आरंभ कागदपत्रांपासून करावा. गाडीच्या सांगाड्यावर आणि इंजिनावर कोरलेले क्रमांक नोंदणी प्रमाणपत्रातील क्रमांकांशी ताडून पाहावेत. हे क्रमांक म्हणजे गाडीची ओळख होय. ते गंजाखाली झाकले गेले असल्यास मऊ ब्रशने साफ करावेत. त्यांच्यावर कानस कधीही चालवू नये. मालकी स्पष्ट नसेल, तर काम सुरू करण्यापूर्वी परिवहन कार्यालयात चौकशी करणे शहाणपणाचे ठरते.

त्यानंतर गाडीची सर्व बाजूंनी छायाचित्रे घ्यावीत. कोणती तार कोठून कोठे जाते, कोणत्या बोल्टखाली किती चकत्या आहेत, हे वहीत लिहून ठेवावे. सुटे केलेले नट-बोल्ट वेगवेगळ्या डब्यांत घालून प्रत्येक डब्यावर चिठ्ठी चिकटवावी. गाडी खोलायला दोन दिवस पुरतात. ती जुळवायला मात्र कित्येक महिने लागू शकतात, आणि तेवढ्या काळात स्मरणशक्तीवर विसंबून चालत नाही.

गंज हा जुन्या गाडीचा मोठा शत्रू आहे. लोखंड, पाणी आणि हवेतील प्राणवायू यांच्या संयोगाने गंज तयार होतो. लहान लोखंडी भागांवरील गंज विजेच्या साहाय्याने काढता येतो. प्लास्टिकच्या बादलीत धुण्याच्या सोड्याचे द्रावण घ्यावे. गंजलेला भाग बॅटरी चार्जरच्या ऋण टोकाला आणि एक साधी लोखंडी पट्टी धन टोकाला जोडावी. दोन्ही वस्तू एकमेकींना न टेकता द्रावणात बुडवाव्यात आणि मगच वीज सुरू करावी. काही तासांत गंज सुटू लागतो. या क्रियेत हायड्रोजन हा ज्वालाग्राही वायू बाहेर पडतो. म्हणून हे काम उघड्या जागी करावे व जवळपास विस्तव असू नये. धन टोकाला स्टेनलेस स्टील वापरू नये, कारण त्यातून क्रोमियमची विषारी संयुगे निर्माण होतात. ॲल्युमिनियमचे भागही या द्रावणात टाकू नयेत. सोड्यामुळे ते खराब होतात.

बराच काळ बंद राहिलेले इंजिन बहुधा जाम झालेले असते. जुन्या जावाचे सिलिंडर बिडाचे आणि पिस्टन ॲल्युमिनियमचा असतो. सिलिंडरच्या आत गंज चढला की पिस्टनच्या कड्या त्यात अडकतात. अशा वेळी किकवर जोर देणे किंवा हातोडी मारणे घातक ठरते. स्पार्क प्लग काढून त्या छिद्रातून डिझेल किंवा गंज सैल करणारे तेल आत सोडावे आणि काही दिवस वाट पाहावी. नंतर गिअर टाकून मागचे चाक हलक्या हाताने पुढेमागे हलवत राहावे. येथे बळापेक्षा धीर अधिक उपयोगी पडतो.

पिस्टन मोकळा झाल्यावर सिलिंडरची झीज मोजावी लागते. २५० या प्रकारच्या जावात सिलिंडरचा मूळ व्यास ६५ मिलिमीटर आणि पिस्टनची धाव ७५ मिलिमीटर असते. यावरून इंजिनाचे आकारमान सुमारे २४९ घनसेंटिमीटर येते; वर्तुळाच्या क्षेत्रफळाचे सूत्र वापरून आपणही हे पडताळून पाहू शकता. झीज अधिक असेल, तर लेथ कारखान्यात सिलिंडर किंचित मोठे करून वाढीव मापाचा पिस्टन बसवतात. अशी वाढ साधारणतः पाव मिलिमीटरच्या टप्प्यांनी केली जाते. मात्र प्रत्येक वेळी सिलिंडरची भिंत पातळ होत जाते. म्हणजेच हा उपाय मोजक्याच वेळा करता येतो. यासाठी आधी अचूक मोजमाप आणि मगच कापणी, हा क्रम पाळावा.

जावाचे इंजिन टू-स्ट्रोक पद्धतीचे आहे. यात पेट्रोल आणि हवेचे मिश्रण आधी पिस्टनखालच्या बंद कोठडीत येते आणि तेथून वर ढकलले जाते. त्यामुळे या कोठडीत वंगणाचे तेल साठवून ठेवता येत नाही; ते ठरावीक प्रमाणात पेट्रोलमध्येच मिसळावे लागते. ही कोठडी हवाबंद राहावी म्हणून मुख्य दांड्याच्या दोन्ही बाजूंना रबरी सील असतात. कालांतराने हे रबर कडक होऊन चिरते. मग बाहेरची हवा आत शिरते, मिश्रणातील पेट्रोलचे प्रमाण घटते, इंजिन अतिशय तापते आणि पिस्टन पुन्हा जाम होऊ शकतो. क्लचच्या बाजूचे सील गेले, तर गिअरपेटीतील तेल आत ओढले जाऊन गाडी भरमसाट धूर सोडते. बाहेरून चकचकीत दिसणारी गाडी थोड्याच दिवसांत बंद पडते, त्यामागे बहुधा असे न बदललेले स्वस्तातले सीलही असते.

पेट्रोलच्या टाकीबाबत विशेष दक्षता घ्यावी. रिकाम्या टाकीतही पेट्रोलची वाफ राहते आणि ती ठिणगीने भडकते. म्हणून अशा टाकीला घरी कधीही डाग देऊ नये. जुन्या पेट्रोलचा चिकट थर कार्बोरेटरच्या बारीक छिद्रांत बसतो. ती छिद्रे हवेच्या झोताने साफ करावीत. पोलादी तार घातल्यास छिद्र किंचित मोठे होते आणि पेट्रोलचे प्रमाण कायमचे बिघडते.

गाडी चालू होण्याइतकेच तिचे थांबणे महत्त्वाचे आहे. ब्रेकच्या तारा, ब्रेकशू आणि टायर यांच्या बाबतीत काटकसर करू नये. जुन्या ब्रेकशूमध्ये ॲस्बेस्टॉस असण्याचा संभव असतो. त्याची धूळ फुप्फुसांना अपायकारक असल्याने ती फुंकून उडवू नये; ओल्या फडक्याने पुसून घ्यावी. नक्षी शाबूत दिसली तरी जुन्या टायरचे रबर चिरलेले असते. असे टायर वापरू नयेत.

रंगाचा निर्णय सर्वांत शेवटी घ्यावा. टाकीवरील मूळ रंग आणि सोनेरी रेषा फिक्या झाल्या असल्या तरी टिकून असतील, तर त्या स्वच्छ करून, मेण लावून तशाच ठेवणे श्रेयस्कर होय. क्रोमचा मुलामा आणि फवाऱ्याने द्यावयाचा रंग यांत घातक रसायने असतात. ही कामे अनुभवी कारागिरांकडून करून घ्यावीत. घरी काम करणे याचा अर्थ सर्व काही एकट्यानेच करणे असा होत नाही. कोणते काम आपले नाही, हे ओळखणे हादेखील कौशल्याचाच भाग आहे.

अशा जतनाला आता कायद्यानेही मान्यता दिली आहे. केंद्र सरकारने २०२१ मध्ये केलेल्या नियमांनुसार, प्रथम नोंदणीपासून ५० वर्षांहून अधिक काळ लोटलेली आणि मूळ स्वरूपात राखलेली दुचाकी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते. अशा गाडीच्या क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे असतात. तथापि ती दररोजच्या वापरासाठी किंवा व्यवसायासाठी रस्त्यावर आणता येत नाही. ‘मूळ स्वरूप’ या अटीवरून ध्यानात येते, की हौसेपोटी केलेले मोठे फेरफार गाडीचे हे स्थानच हिरावून घेऊ शकतात.

मोटारसायकलीबाबत येथे जे सांगितले, ते घरातील शिवणयंत्र, सायकल किंवा पाण्याचा पंप यांनाही लागू पडते. आधी पाहावे, मग नोंदवावे, मोजावे आणि शेवटी हात घालावा, ही सवय शाळेच्या चार भिंतींतच लागते असे नाही. गॅरेजमध्ये, शेतावर, कारखान्यात राबणाऱ्या असंख्य हातांना ती अनुभवाने लागलेली असते. अशा हातांतील ज्ञानाला वाचनाची, हिशेबाची आणि विज्ञानाची जोड मिळाली, तर अंगणातील गंजलेले यंत्र तर सुरू होतेच, शिवाय ते का चालते हेही त्या हातांना उमगते.