हाताला काम नसलेले दिवस आणि बेकारी भत्त्याचा हक्क

फाल्गुनाच्या अखेरीस रब्बी ज्वारीची काढणी व मळणी उरकली की कोरडवाहू गावातील शेतमजुराचे काम थांबते. पुन्हा हाताला काम लागते ते मृगाचा पाऊस पडून पेरण्या सुरू झाल्यावर. मधले दोन-अडीच महिने त्याचे अंग धडधाकट असते, काम करण्याची इच्छाही असते. नसते ते केवळ काम. कारखान्यातील कामगाराला मालकाने कच्च्या मालाच्या किंवा विजेच्या अभावी तात्पुरते घरी बसविले, तर मूळ वेतन व महागाई भत्ता यांच्या निम्म्याइतकी भरपाई ठरावीक अटींवर मिळावी, अशी तरतूद १९५३ पासून देशाच्या कायद्यात आहे. शेतमजुराला मात्र घरी बसविणारा कोणी एक मालक नसतो. त्याला ऋतू घरी बसवितो आणि ऋतूकडून भरपाई मागता येत नाही.

ही भरपाई कोणी द्यावयाची, या प्रश्नाला महाराष्ट्राने दिलेले उत्तर म्हणजे रोजगार हमी. योजनेतील कामांची माहिती बहुतेकांना असते. पाझर तलाव, बांधबंदिस्ती, रस्ते, विहिरी ही तिची दृश्य फळे होत. परंतु काम देता आले नाही तर काय, या प्रश्नाचे उत्तरही त्याच कायद्यात दिलेले आहे. ते उत्तर म्हणजे बेकारी भत्ता. या भत्त्याचा हक्क कसा निर्माण होतो आणि तो बहुधा कोठे हरवतो, हे गावपातळीवरील प्रत्येक जबाबदार व्यक्तीने समजून घेणे अगत्याचे आहे.

विसापूरपासून कायद्यापर्यंत

राज्यघटनेच्या ४१ व्या अनुच्छेदाने कामाचा हक्क आणि बेकारीच्या प्रसंगी सार्वजनिक साहाय्य ही दोन्ही राज्याच्या धोरणाची मार्गदर्शक तत्त्वे मानली आहेत. त्यांना प्रत्यक्ष रूप देण्याचा पहिला प्रयोग १९६५ साली सांगली जिल्ह्याच्या तासगाव तालुक्यातील विसापूर येथे झाला. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे हे या कल्पनेचे जनक. मुख्यमंत्री वसंतराव नाईक यांच्या कारकिर्दीत १९७२ साली योजनेने राज्यव्यापी रूप घेतले. त्याच सुमारास राज्यावर भीषण दुष्काळ कोसळला. १९७३ च्या उन्हाळ्यात दुष्काळी कामांवर सुमारे ५० लाख माणसे होती. गावाच्या जवळ काम मिळाले तर माणूस दुष्काळातही तग धरतो, हे त्या वर्षाने सिद्ध केले.

पैशाची तरतूदही तितक्याच विचारपूर्वक करण्यात आली. रोजगार हमीसाठी निधी उभारावा म्हणून १९७५ साली व्यवसाय कर लागू झाला. आजही सरकारी अधिकाऱ्याच्या वा शिक्षकाच्या वेतनातून दरमहा २०० रुपये आणि फेब्रुवारीत ३०० रुपये या कराची कपात होते, तिचे मूळ येथे आहे. नोकरदाराने, ज्याच्या हाताला काम नाही त्याच्यासाठी, आपल्या मिळकतीचा लहानसा वाटा द्यावा, हा त्यामागील विचार होता. पुढे १९७७ चा महाराष्ट्र रोजगार हमी अधिनियम २६ जानेवारी १९७९ पासून अंमलात आला आणि योजनेचे रूपांतर हक्कात झाले. मागणी केल्यापासून पंधरा दिवसांत काम न मिळाल्यास दररोज किमान एक रुपया बेकारी भत्ता द्यावा, असे त्या अधिनियमात नमूद होते.

केंद्रीय कायद्याने आलेला बदल

२००५ साली संसदेने राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी कायदा केला. त्याची अंमलबजावणी २ फेब्रुवारी २००६ पासून देशातील २०० जिल्ह्यांत सुरू झाली आणि एप्रिल २००८ पासून तो सर्व ग्रामीण जिल्ह्यांत लागू झाला. २००९ साली त्याला महात्मा गांधी यांचे नाव देण्यात आले. त्याने प्रत्येक ग्रामीण कुटुंबास वर्षाला १०० दिवसांची हमी दिली. महाराष्ट्राने त्यापुढील दिवसांचा भार स्वतःच्या कायद्याखाली उचलला.

या कायद्यात भत्त्याची रक्कम मजुरीच्या दराशी जोडण्यात आली. आर्थिक वर्षातील पहिल्या ३० दिवसांसाठी मजुरीच्या किमान एक चतुर्थांश आणि त्यानंतर किमान निम्मी, असे ते प्रमाण होते. महाराष्ट्रात २०२५-२६ या वर्षी मजुरीचा दर दिवसाला ३१२ रुपये होता. त्या हिशेबाने पहिल्या ३० दिवसांचा भत्ता दिवसाला ७८ रुपये आणि पुढे १५६ रुपये होतो.

एका उदाहरणाने हे स्पष्ट होईल. एखाद्या मजुराने १ एप्रिल २०२५ रोजी काम मागितले, असे समजू. पंधरा दिवसांची मुदत १६ एप्रिलला संपली आणि काम प्रत्यक्षात २६ मे रोजी मिळाले. तर १७ एप्रिल ते २५ मे हे ३९ दिवस भत्त्याचे ठरतात. पहिल्या ३० दिवसांचे २,३४० रुपये आणि उरलेल्या ९ दिवसांचे १,४०४ रुपये, असे एकूण ३,७४४ रुपये झाले. याच ३९ दिवसांची मजुरी १२,१६८ रुपये झाली असती. म्हणजे भत्ता मजुरीच्या तिसऱ्या हिश्श्यालाही पोहोचत नाही. घरी बसून राहावे असा मोह त्याने कोणालाही पडणार नाही. मात्र तेवढ्या दिवसांत घरात धान्य आणण्यापुरता त्याचा आधार निश्चितच होतो.

भत्ता हे दान नव्हे

या तरतुदीचे खरे मर्म तिच्या दुसऱ्या बाजूस आहे. केंद्रीय कायद्याखाली मजुरीचा संपूर्ण खर्च केंद्र शासन सोसत असे, परंतु बेकारी भत्ता राज्य शासनाने स्वतःच्या तिजोरीतून द्यावयाचा होता. काम दिले तर पैसा वरून येतो. काम न दिले तर पैसा आपला जातो, अशी ही रचना होती. कामांचा आराखडा वेळेवर मंजूर व्हावा आणि मागणी येताच हजेरीपट निघावा, यासाठी शासनाने आपल्याच यंत्रणेवर लावून घेतलेला हा दंड होय. म्हणून भत्ता मागणारा मजूर शासनापुढे हात पसरीत नसतो. शासनाने दिलेल्या वचनाची तो केवळ आठवण करून देत असतो.

मजुरावरही काही बंधने होती. दिलेले काम नाकारणाऱ्यास, कळविल्यापासून पंधरा दिवसांत कामावर हजर न होणाऱ्यास किंवा परवानगीवाचून महिन्यात एका आठवड्याहून अधिक गैरहजर राहणाऱ्यास तीन महिन्यांपर्यंत भत्त्याचा हक्क राहत नसे. काम गावापासून पाच किलोमीटरच्या पलीकडे असेल तर दहा टक्के जादा मजुरी द्यावी लागे. तेवढ्या कारणावरून काम नाकारणे मात्र हिताचे नव्हते.

हक्क हरवतो कोठे?

इतकी स्पष्ट तरतूद असूनही बेकारी भत्ता प्रत्यक्षात फार क्वचित दिला गेला, हे मान्य केले पाहिजे. त्याचे प्रमुख कारण साधे आहे. पंधरा दिवसांची गणना मागणी मिळाल्याच्या तारखेपासून होते आणि ती तारीख सिद्ध करणारा एकमेव कागद म्हणजे पोच. मजूर ग्रामपंचायतीत येतो, काम हवे असे तोंडी सांगतो, ‘काम निघाले की कळवू’ असे ऐकून परत जातो. कागदोपत्री त्याने काम मागितलेलेच नसते. काही ठिकाणी काम निघण्याची खात्री झाल्यावरच मागणीचे अर्ज भरून घेतले जातात. मग मागणी आणि काम यांच्या तारखा जवळजवळ येतात, भत्त्याचा प्रश्न उद्भवत नाही आणि वाट पाहण्यात गेलेला महिना कोणत्याही नोंदवहीत दिसत नाही.

या हरवलेल्या तारखेची किंमत कुटुंबाला मोजावी लागते. गावात कामाचा भरवसा नसला की मजूर मुकादमाकडून उचल घेतो, आणि एकदा उचल घेतली की पुढच्या हंगामात ऊसतोडीला जाणे त्याला चुकत नाही. दिवाळीच्या सुमारास बैलगाडीत वा ट्रकमध्ये बिऱ्हाड चढते, त्याबरोबर मुलेही जातात आणि शाळेच्या हजेरीपटावरील नावांपुढे गैरहजेरीच्या खुणा पडू लागतात. शिक्षकाला वर्गात जी रिकामी जागा दिसते, तिची सुरुवात पुष्कळदा ग्रामपंचायतीत न मिळालेल्या एका पोचपावतीपासून झालेली असते.

मागणीची योग्य रीत

केंद्रीय कायद्याखाली महाराष्ट्रात नमुना ४ मध्ये कामाची मागणी करावयाची आणि नमुना ५ मध्ये तिची दिनांकित पोच द्यावयाची, अशी पद्धत होती. ग्रामरोजगार सेवकाने ही पोच त्याच वेळी देणे अपेक्षित होते. केवळ तोच अर्ज स्वीकारू शकतो, हा समजही बरोबर नव्हता. ग्रामपंचायतीने अधिकार दिल्यास प्रभागातील सदस्य, अंगणवाडी सेविका आणि शाळाशिक्षक यांनाही अर्ज घेऊन दिनांकित पोच देता येईल, असे केंद्राच्या २०१३ च्या मार्गदर्शक सूचनांत म्हटले होते. तसेच काम पुढील तारखेपासून हवे असल्यास आगाऊ अर्ज करण्याची मुभा होती; अशा वेळी पंधरा दिवस अर्ज मिळाल्यापासून किंवा काम हवे असलेल्या तारखेपासून, यांपैकी जी तारीख नंतरची असेल तिच्यापासून मोजले जात. ज्वारी काढणीला आली असतानाच पुढील कामाची मागणी नोंदविणारा मजूर रिकामे दिवस टाळू शकत होता. पोच असूनही काम न मिळाल्यास तालुक्याचा कार्यक्रम अधिकारी या नात्याने तहसीलदाराकडे दाद मागावयाची होती.

नवा कायदा, जुने तत्त्व

डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने २००५ च्या कायद्याची जागा घेणारा नवा कायदा संमत केला. ‘विकसित भारत – रोजगार व आजीविका हमी मिशन’ या नावाच्या या कायद्यात हमीचे दिवस १२५ करण्यात आले आहेत. खर्चात महाराष्ट्रासारख्या राज्यांचा वाटा ४० टक्के आहे आणि पेरणी व कापणीच्या ऐन हंगामात वर्षातील एकूण ६० दिवसांपर्यंत कामे बंद ठेवण्याची तरतूद आहे. पंधरा दिवसांत काम न दिल्यास बेकारी भत्ता देण्याचे तत्त्व मात्र कायम राहिले आहे. कामे कोणत्या दिवसांत बंद राहणार, हे गावाला आधी कळणे यापुढे अधिक महत्त्वाचे ठरेल. कारण मागणीची तारीख त्या दिवसांचा विचार करूनच निवडावी लागेल.

कायदे बदलतात, नमुन्यांचे क्रमांक बदलतात. हक्काची सुरुवात मात्र तारीख आणि सही असलेल्या पोचेपासूनच होते. पंचायत सदस्याने ग्रामसभेत मागणीची नोंदवही वाचून दाखवावी. शिक्षकाने अर्ज लिहिता न येणाऱ्या पालकाला अर्ज लिहून द्यावा. अधिकाऱ्याने पोच दिली गेली की नाही, हे कामाच्या पाहणीइतक्याच काटेकोरपणे तपासावे. यासाठी नव्या निधीची किंवा नव्या आदेशाची आवश्यकता नाही. एवढे झाले तर चैत्र-वैशाखातील रिकाम्या दिवसांची नोंद निदान शासनाच्या दप्तरी होईल, आणि ज्याची नोंद होते त्याचे उत्तर देणे शासनाला भाग पडते.